उजनीच्या मापानं लॉख नेस

लॉख नेसच्या काठावर आमची सोळा सीटांची बस थांबली आणि सगळ्यांनी आधी मोबाईल बाहेर काढले. कुणाला तळ्यातला तो लांब मानेचा प्राणी दिसतोय का ते बघायचं होतं, कुणाला घरच्या ग्रुपवर फोटो टाकायची घाई होती. आमच्यातले एक काका मात्र थेट गाइडकडे गेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. प्रश्न एकच : "पाणी किती?" गाइड म्हणाला, सुमारे साडेसात घन किलोमीटर. काकांचा चेहरा कोरा. घन किलोमीटर ही काय मोजायची रीत झाली? त्यांनी पेन काढलं, फेरीच्या तिकिटामागं भागाकार मांडला आणि जाहीर केलं, "दोनशे साठ टीएमसी."

बसमधले सगळे सोलापूरकर एकदम गप्प झाले.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. बाहेरगावच्या माणसाला हा आकडा डोळ्यांपुढं येत नाही. सोलापुरात तो वाण्याकडच्या किलोसारखा वापरतात. उजनी धरण काठोकाठ भरलं की ११७ टीएमसी. त्यातले साडेत्रेसष्ट मृतसाठा, म्हणजे धरणाच्या पोटातच बसून राहणारं पाणी, आणि साडेत्रेपन्न जिवंत. उन्हाळ्यात रस्त्यात कुणी भेटलं की तब्येतीच्या आधी "उजनी किती?" असं विचारतात, आणि उत्तर "मायनस वीस" आलं तरी कुणी दचकत नाही. जिवंत साठा संपला की मृतसाठ्यातून उपसा सुरू होतो आणि टक्केवारी शून्याच्या खाली घसरते. पाणी शून्याच्या खाली कसं जातं, हे त्या स्कॉटिश गाइडला पटवताना काकांची दमछाक झाली.

पुढचा हिशेब त्याहून चमत्कारिक निघाला. उजनीचा फुगवटा भरल्यावर तीनशे चौरस किलोमीटरच्या घरात पसरतो. लॉख नेस आहे अवघं ५६ चौरस किलोमीटर. पसारा पाचव्या हिश्श्याइतका आणि पाणी दुपटीहून जास्त. कारण खोली. उजनीची सरासरी खोली दहा-अकरा मीटर भरते. लॉख नेसची सरासरीच १३२ मीटर, आणि सगळ्यात खोल जागी २३० मीटर. तिथं एकावर एक तीन कुतुबमिनार उभे केले तर वरच्याचा कळसही बुडून राहील. इंग्लंड आणि वेल्समधली सगळी सरोवरं एकत्र केली तरी या एका तळ्याइतकं पाणी होत नाही.

खोलीचं कारण जमिनीत आहे. स्कॉटलंडच्या नकाशावर इन्व्हर्नेसपासून फोर्ट विल्यमपर्यंत पट्टीनं आखल्यासारखी एक रेघ दिसते. तो भूकवचातला भ्रंश. त्या भेगेतला चुरा झालेला खडक हिमयुगातल्या बर्फाच्या नद्यांनी हजारो वर्षं खरवडून नेला आणि मागं राहिली ही घळ. आपली भीमा सपाटीवरची नदी, तिला बांध घातला की पाणी ताटात सांडल्यासारखं पसरतं आणि पसरलेलं पाणी आधी ऊन पितं. काकूंनी मात्र या सगळ्याचा निकाल एका वाक्यात लावला : "एवढं पाणी आहे, पण प्यायला माणसं कुठायत?"

प्रश्न बरोबर होता.

आम्ही चौदा जण होतो, सगळे सोलापूरचे किंवा सोलापूरला दिलेले. एकाचा भाचा ग्लासगोत नोकरीला, त्यानं ही सात दिवसांची गाइडसकट टूर ठरवून दिली होती : आधी हायलँड्स म्हणजे उत्तरेचा डोंगरी मुलूख, मग पश्चिमेची बेटं. निघताना सगळ्यांच्या मनात स्कॉटलंड म्हणजे अवाढव्य काहीतरी होतं. प्रत्यक्षात अख्खा देश ७८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाच सोलापूर जिल्हे शेजारी शेजारी मांडले की झाला. उंचीचं म्हणाल तर देशातलं सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. तेव्हा "उंच उंच पर्वत" वगैरे माहितीपत्रकातली भाषा महाराष्ट्राच्या माणसानं थोडी बाजूलाच ठेवावी.

प्रचंड आहे ते रिकामपण. हायलँड हा तिथला प्रशासकीय विभाग साडेपंचवीस हजार चौरस किलोमीटरचा, आणि त्यात राहणारी माणसं जेमतेम दोन लाख पस्तीस हजार. एका चौरस किलोमीटरला नऊ. सोलापूर जिल्ह्यात २०११च्या जनगणनेला हाच आकडा २९० होता, आणि आपण स्वतःला दुष्काळी, विरळ वस्तीचे समजतो! एकट्या सोलापूर शहरात तेव्हा साडेनऊ लाख लोक होते, म्हणजे चार हायलँड. बेटांचं गणित तर आणखी बसत नाही. स्कॉटलंडला ७९०च्या वर बेटं, त्यातल्या ९३ बेटांवर २०११ साली वस्ती होती, आणि सगळ्या ९३ बेटांची मिळून लोकसंख्या १ लाख ३ हजार. म्हणजे एक पंढरपूर. तेही एरवीचं, आषाढीतलं नव्हे. आषाढीला त्याच गावात दहा लाखांहून जास्त माणूस येतो.

दुसऱ्या दिवशी आमची बस तासभर एका दरीतून जात होती. दोन्ही अंगाला हिरवे उतार, एक ओढा, मेंढ्या आणि अधूनमधून दगडी जोत्यांचे अवशेष. घर नाही, माणूस नाही. काकूंनी डबा उघडला. सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. गाइडनं भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाला, आमच्याकडेही ओटची अशीच असते, मेंढपाळ खिशात घालून डोंगरावर जायचे. मग त्यानं ती जोती दाखवली. इथं गावं होती, म्हणाला. अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुढची पाऊणशे-शंभर वर्षं जमीनदारांनी कुळांना हाकलून देऊन मेंढ्या घातल्या, कारण खंडापेक्षा लोकरीत पैसा जास्त होता. सदरलँडमध्ये १८१४ आणि १८१९ साली घरांची छपरं पेटवून दऱ्या मोकळ्या केल्या गेल्या. स्काय बेटावर १८४१ साली तेवीस हजारांच्या आसपास माणसं होती, आज दहा हजार आहेत. स्कॉटलंडमध्ये आजही माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून फोटोत पकडत होतो त्यातलं बरंचसं रिकामपण असं माणसांनी तयार केलेलं आहे, हे कळल्यावर भाकरी जरा वेळ हातातच राहिली.

तिसऱ्या दिवशी स्काय. १९९५ साली झालेल्या पुलावरून बस बेटावर चढली आणि उत्तरेकडच्या ट्रॉटर्निशच्या कड्यांखाली आली. मी खिडकीतून पाहिलं आणि वाटलं, आपण नाणेघाटाच्या खाली आलोय. काळा कडा, त्यावर हिरवी पट्टी, पुन्हा काळा कडा, पुन्हा पट्टी. डोंगर नव्हे, जिना. स्टॉरचा म्हातारा म्हणून जो पन्नास मीटरचा सुळका पोस्टरवर असतो, तो जीवधनच्या वानरलिंगीचा धाकटा भाऊ शोभेल. ओळख पटली ती चुकीची नव्हती. दगड त्याच जातीचा आहे. लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला काळा फत्तर, भूगर्भशास्त्राच्या भाषेत ट्रॅप, आणि हा शब्दही पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. सोलापूरच्या काळ्या रानाखाली जो पाषाण लागतो तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, स्कायचा सुमारे ६ कोटींचा. आपला आधी. मधे पन्नास-साठ लाख वर्षांचं अंतर, पण दगडांच्या घरात एवढ्यावर सख्खी भावंडंच म्हणतात.

घराणं एक असलं तरी आकारात मात्र बरोबरी नाही. स्काय १,६५६ चौरस किलोमीटर. दख्खनचा फत्तर झिजून झिजून आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटर, तीनशे स्काय मावतील एवढा. सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात. सावध अंदाज धरला तरी हा सगळा रस पाच लाख घन किलोमीटर होतो. काकांनी इथंही पेन काढलं. आता तिकीट पुरेना, म्हणून जेवणाच्या बिलामागं लिहिलं. उत्तर आलं दीड लाख उजनी. त्यांनी ते दोनदा तपासलं. दीड लाख उजनी धरणं काठोकाठ, आणि पाण्याऐवजी अकराशे-बाराशे अंशांचा वितळलेला दगड. त्यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. त्या वेळी आपली जमीन विषुववृत्ताच्या खाली, आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला होती. सोलापूर तिथून इथवर हजारो किलोमीटर सरकत आलंय, हे ऐकून बसमधल्या एकानं विचारलं, "मग उन्हाळा का नाही सुटला बे वाटेत?"

पण स्कायचा दगड हा तिथला पोरगेला दगड. खरा म्हातारा पुढच्या बेटावर, फेरीनं पावणेदोन तासांवर. हॅरिस आणि लुईस ही नावं दोन, बेट एकच. तिथं जमिनीतून राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा खडक डोकं वर काढतो. त्याचं वय ३०० कोटी वर्षांपर्यंत जातं. हा आकडा गाइडनं सांगितला आणि सगळ्यांनी "अरे वा" म्हणून माना हलवल्या, म्हणजे कुणालाच काही कळलं नाही. दीडशे कोटी सांगितले असते तरी मान तेवढीच हलली असती.

रात्री हॉटेलात मी ते अंतरात मांडून पाहिलं. सोलापूर ते पंढरपूर रस्ता पंच्याहत्तर किलोमीटर धरू. सिद्धेश्वराच्या देवळापाशी ३०० कोटी वर्षांपूर्वीचा तो लुईसचा खडक ठेवू, आणि नामदेव पायरीला आजचा दिवस. म्हणजे एक किलोमीटर चाललं की चार कोटी वर्षं सरली, एक मीटरला चाळीस हजार, एक सेंटीमीटरला चारशे. आता चला. मोहोळ येतं, पाय दुखायला लागतात, तरी पृथ्वीवर डोळ्यांना दिसेल असा एकही प्राणी नाही. पंढरपूर पंचवीस किलोमीटर राहिलं की हायलँड्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचे टॉरिडनचे लालसर वालुकाश्म साचायला लागतात. पंधरा किलोमीटर राहिलं असताना पहिले मऊ अंगाचे प्राणी समुद्रात वळवळतात. दख्खनचा लाव्हा येतो तो पंढरपूरच्या अगदी तोंडाशी, पायरी १,६५० मीटरवर असताना. आणखी दीडशे मीटर पुढं गेलात की स्काय पेटतं. तुमच्याआमच्यासारखा माणूस पायरीपासून साडेसात मीटरवर. लुईसच्या कॅलनिशला पाच हजार वर्षांपूर्वी उभारलेलं दगडांचं वर्तुळ आहे, याच म्हाताऱ्या खडकाचे उभे दगड. ते पायरीपासून साडेबारा सेंटीमीटरवर, एका वितीपेक्षा कमी. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर दोन सेंटीमीटरवर. आणि आमचे काका, वय वर्षं बहात्तर, दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत. सकाळी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "चालेल. पायरीशी आहे ना?"

हॅरिसमध्ये आम्हाला एका विणकराच्या घरी नेलं. घराला लागून पत्र्याची शेड, आत पायानं चालवायचा लोखंडी माग. बाकीच्यांनी व्हिडिओ काढले. आमच्यातली एक बाई सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली, माहेर-सासर दोन्हीकडं माग. ती सरळ पुढं गेली, कापडाची किनार अंगठा आणि बोटात धरून चोळली, कापड उलटं करून पाठ बघितली, मग वाकून धोटा कुठून कसा जातो ते पाहिलं. विणकरानं पाय थांबवला. तिनं हातानंच विचारलं, ताण्याला दोरे किती? त्यानं कागदावर लिहून दाखवलं. भाषेची अडचण दोघांना आली नाही. हॅरिस ट्वीड या कापडाला १९९३ साली ब्रिटिश संसदेनं केलेल्या खास कायद्याचं कवच आहे : लोकर शुद्ध हवी, ती रंगवायची आणि कातायची याच बेटांवर, आणि कापड विणायचं विणकरानं स्वतःच्या घरी, हातानं. हे ऐकून ती हसली. "आमच्याकडं घरात माग नसतो ओ, मागात घर असतं. त्याला कायदा कशाला लागतो?" सोलापुरी चादरीलाही भौगोलिक निर्देशन मिळालेलं आहे, पण तिच्या हसण्यात जे होतं ते त्या प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं. या पश्चिम बेटांची सगळी मिळून वस्ती सव्वीस हजारांच्या आसपास, आणि त्यांचं कापड जगभर जातं.

त्याच बेटांच्या पलीकडे, साठ-पासष्ट किलोमीटर समुद्रात, सेंट किल्डा. तिथवर आमची टूर जात नव्हती, बोट हवामानाच्या लहरीवर. गाइडनं फक्त दिशा दाखवली, तिकडे ढग होते. दोन हजार वर्षं तरी माणसं तिथं समुद्रपक्षी धरून, अंडी खाऊन, मेंढ्या पाळून राहिली. शेवटी उरली ३६. २९ ऑगस्ट १९३० रोजी त्यांनी स्वतःच मागणी करून बेट सोडलं. १९३० हे साल सोलापूरकराला सांगावं लागत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांनी सोलापूरवर मार्शल लॉ लादला होता, आणि पुढच्या जानेवारीत चौघांना फाशी दिलं. एका टोकाला साम्राज्य एक शहर मुठीतून सुटू नये म्हणून फौज आणत होतं, आणि स्वतःच्या देशाच्या टोकाला त्याला छत्तीस माणसं टिकवता येत नव्हती.

परतीच्या फेरीवर किनाऱ्याचा विषय निघाला. गाइड म्हणाला, बेटांसकट स्कॉटलंडचा किनारा अठरा हजार किलोमीटरच्या वर भरतो. आपण शाळेत भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर पाठ केला होता. हा एवढासा देश आपल्या दुपटीहून जास्त? यात थोडी मोजण्याची गंमत आहे. फुटपट्टी जितकी लहान, तितक्या जास्त खाचाखोचा मापात येतात आणि किनारा लांबत जातो. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्याच किनाऱ्यावरून हा घोळ जगापुढं मांडला. आपल्याकडेही अलीकडे जास्त बारीक नकाशावर पुन्हा मोजणी झाली आणि भारताचा किनारा ११,०९८ किलोमीटर झाला. वाळूचा कणही वाढला नाही. टीएमसीत वाढलेल्या काकांना हे आवडलं नाही. माप म्हणजे माप, असं त्यांचं मत.

राहता राहिला मन्रो. पहिल्या दिवसापासून गाइड शिखरं दाखवून म्हणत होता, "तो मन्रो, तोही मन्रो." मला वाटलं एखाद्या डोंगराचं नाव असेल, पण असे मन्रो निघाले २८२. तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश शिखराला मन्रो म्हणतात, आणि एकेक करत सगळे चढण्याचं हजारो लोकांना वेड आहे. ही यादी १८९१ साली सर ह्यू मन्रो यांनी केली. त्याआधी लोकांचा समज होता की अशी शिखरं फार नाहीत. यांनी मोजली तर ती अडीचशेच्या वर निघाली.

मन्रो हे नाव सोलापुरात भुईकोट किल्ल्याच्या इतिहासात येतं. मे १८१८, भर उन्हाळा, किल्ल्यात आणि पेठेबाहेर दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि तोफा. तो किल्ला घेणारा इंग्रजांचा सेनापती ग्लासगोचा स्कॉट होता, थॉमस मन्रो, पुढं मद्रासचा गव्हर्नर झालेला. रयतेशी थेट जमिनीचा करार करणाऱ्या रयतवारी पद्धतीचा हा मोठा पुरस्कर्ता. त्याच वर्षांत त्याच्या मायदेशी सदरलँडमध्ये रयतेची छपरं जळत होती. या थॉमसचा मुलगा कॅम्बेल, आणि कॅम्बेलचा मुलगा ह्यू. आजोबांनी सोलापूरचा किल्ला घेतला, नातवानं डोंगर मोजले.

शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा स्कायवरून खाली उतरत होतो. स्लिगाखनच्या जुन्या पुलापाशी बस थांबली. कुलीन डोंगरांवरचं धुकं पाच मिनिटं वर उचललं गेलं आणि काळे दात दिसले. गाइडनं त्या रांगेत एका बाजूला बोट दाखवलं. तिकडे एक पात्यासारखा उभा सुळका आहे, म्हणाला, इथून नीट दिसत नाही. त्याचं नावच दुर्गम सुळका. दोर लावल्याशिवाय चढता येत नाही असा हा एकटाच मन्रो, आणि ज्यानं यादी केली त्या ह्यू मन्रोला तो शेवटपर्यंत जमला नाही. १९१९ साली ते वारले तेव्हा यादीतली ही जागा बाकी होती.

काकांनी उंची विचारली. ९८६ मीटर. त्यांनी या वेळी पेन काढलं नाही.

"सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटरवर," ते म्हणाले. "म्हणजे अर्ध्यावर आपण घरीच असतो."

धुकं पुन्हा खाली आलं. काकूंनी डब्यातली उरलेली भाकरी गाइडला कागदात बांधून दिली.